तिला बोलू तरी द्या

गेल्या रविवारी जेवणं आटोपल्यावर बाबांना टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं. गप्पांचा कार्यक्रम होता आणि पाहुण्या होत्या संगीत नाटकातल्या एक ज्येष्ठ अभिनेत्री. बाबांनी गोव्यातल्या म्हार्दोळ आणि आसपासच्या गावांतल्या उत्सवी नाटकांत ४० वर्षं तोंडाला रंग लावलाय, त्यामुळे असं काही असलं की ते चष्मा पुसून अगदी समोर बसतात.

बाई फार छान बोलत होत्या. दौऱ्यावर असताना एकदा आवाज बसला. रात्री म्हापशाला प्रयोग, तिकिटं खपलेली, बदली कोणी नाही. दुसरी घंटा झाली, ऑर्गनवाल्याने सूर धरून बघितला आणि गळ्यातून नुसती हवा. सांगता सांगता त्यांचा हात आपसूक गळ्याशी गेला. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते.

तेवढ्यात होस्ट म्हणाला, "बापरे! बरं, आता आपण एक धमाल राउंड खेळूया." ढँटढँग संगीत वाजलं, रंगीत पाटी आली आणि पहिला प्रश्न आला, कोणत्या सहकलाकाराला पिठलं-भाकरी खायला घरी बोलवाल?

"अरे, उलोवंक दी मरे तिका!" (अरे, बोलू दे की तिला!) बाबा टीव्हीवर ओरडले. आमच्या घरात वाचणं मराठीत आणि राग कोंकणीत. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं वाट बघत होतो की बाई पुन्हा त्या प्रयोगाकडे येतील. नाही आल्या.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून लिहितेय. मला असे कार्यक्रम मनापासून आवडतात. रात्री भांडी आवरताना, इस्त्री करताना माझ्या कानात कोणाच्या ना कोणाच्या गप्पा चालू असतात. औपचारिक मुलाखतीत माणूस ठरवून आणलेलं बोलतो. सोफ्यावर पाय वर घेऊन बसला, हातात चहाचा कप आला की तोच माणूस आईविषयी, उधारीविषयी, पडलेल्या नाटकाविषयी बोलायला लागतो. पडद्यावरचा माणूस आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखा वाटतो.

ही आवड आजची नाही. तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ इतकी वर्षं चाललं. माझ्या लहानपणी वाड्यावरच्या एका घरात टीव्ही होता आणि आम्ही पोरं त्या घराच्या दारात दाटीवाटीने बसून बघायचो. ती स्वतः बालकलाकार म्हणून सिनेमात वाढलेली. समोरचा पाहुणा तिच्याशी घरच्यासारखा बोलायचा, कारण ती त्यांच्यातलीच होती. अवधूत गुप्तेंचंही तसंच, स्वतः गायक-संगीतकार. 'खुपते तिथे गुप्ते'त काय खुपतं हे विचारायचं हा कार्यक्रमाचा कणाच होता, त्यामुळे गप्पा मोकळ्या असल्या तरी त्यांना एक दिशा असायची.

मग २००४ला 'कॉफी विथ करण' आलं आणि त्यातला रॅपिड फायर सगळ्यांनी उचलला. श्रीमंत, एकमेकांना आतून ओळखणाऱ्या मंडळींत तो खेळ खुलतो. पण सत्तरी ओलांडलेल्या नटीला तोच खेळ कशासाठी? तिच्याकडे सांगायला अख्खा जन्म आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की गप्पा सैल असाव्यात, तयारी सैल नसावी. सहज बोलतं करायला जास्त अभ्यास लागतो. आवाज बसला म्हटल्यावर पुढचा प्रश्न सुचायला नाट्यपद खालच्या पट्टीत घेता येतं, काही ओळी गद्यात सोडता येतात, साथीदाराला नजरेने खूण करता येते, हे होस्टला ठाऊक हवं. ठाऊक नसेल तर "मग काय केलंत?" हे तीन शब्द तरी पुरले असते. पण समोरची व्यक्ती बोलत असताना होस्टचं लक्ष हातातल्या कार्डावर असतं. शिवाय रीलसाठी तीस सेकंदांचा तुकडा हवा असतो, आणि कसबाची गोष्ट तीस सेकंदांत मावत नाही. पाहुणेही बहुतेक सिनेमा लागायच्या आठवड्यातच येतात, मग सेटवरच्या गमती आणि एकमेकांचं कौतुक, दुसरं काही नाही.

गोव्याचा कलाकार असला तर मला आणखी वाईट वाटतं. मासे कुठले आवडतात, समुद्र घरापासून किती लांब, झालं! मास्टर दीनानाथ मंगेशीचे, पंडित जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. आमच्या घरापासून पायी जाण्याइतकं ते गाव. इथे देवळाच्या उत्सवात अजून नाटक होतं, दिवसभर दुकान सांभाळणारा माणूस रात्री राजा होतो. त्या तालमींबद्दल एक प्रश्न कधी ऐकला नाही.

'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक १९६४ साली गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणलं. संगीत अभिषेकीबुवांचं. त्यातल्या आशालता वाबगावकर २०२०मध्ये गेल्या, रामदास कामत २०२२मध्ये गेले. दोघंही आपल्या गोव्याची माणसं. बुवांनी पद कसं बसवून घेतलं, कुठे अडलं, किती वेळा पुन्हा म्हणायला लावलं, हे त्यांच्या तोंडून तासन्‌तास ऐकायला मी काहीही दिलं असतं. ही पिढी आता थोडीच उरलीय. कॅमेरा समोर आहे, माणूस बोलायला तयार आहे, आणि आपण त्याला पिठलं-भाकरी विचारतो, याचा मला खरंच त्रास होतो.

त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि बाबांना विचारलं, तुमचा आवाज कधी बसला होता का? एक वाजेपर्यंत बोलले. एका उत्सवाला पहिल्या अंकानंतर गळा गेला, तेव्हा पेटीवाल्या काकांनी विंगेत ज्येष्ठमध चघळायला दिला, पट्टी दोन सुरांनी उतरवली आणि वरच्या जागा स्वतः पेटीवर भरून काढल्या. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

माझ्या यादीत त्या कार्यक्रमाशी संबंधित कोणी असेल किंवा कोणाची ओळख असेल, तर मेसेज करा. न कापलेलं रेकॉर्डिंग असेल तर तेवढाच भाग हवाय. म्हापशाच्या त्या प्रयोगाला बाईंनी पुढे काय केलं, हे बाबा रोज सकाळी विचारतात.