नाळे बर्री

कर्नाटकात भुताची एक जुनी गोष्ट सांगतात. भूत रात्री दारावर थाप मारतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं. त्यावर लोकांनी उपाय काढला आणि दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा'. म्हणजे उद्या ये. भूत बिचारं साक्षर. वाचतं, माघारी जातं, दुसऱ्या रात्री परत येतं, परत तेच वाचतं. लहानपणी मला त्या भुताची भीती वाटायची. मग मी 11 महिने बेकार झालो, फाईल काखेत मारून बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांच्या गेटागेटावर फिरलो आणि भुताबद्दल आपुलकी वाटायला लागली. फरक एवढाच, की वॉचमन मला अहोजाहो करायचे. "नाळे बर्री."

बेकाराला काम नसतं, असं नोकरदार समजतात. शहापुरात आमच्या गल्लीत बेकार माणूस म्हणजे सार्वजनिक बोअरवेल. येणाऱ्याजाणाऱ्यानं दांडा मारावा. "हाईस न्हवं घरात?" असं कुणी विचारलं की पुढचं काम आपलं. काकूंचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर, अण्णांच्या डोळ्यांतले थेंब दिवसातून चार वेळा, कुणाच्या तरी मेहुणीच्या लग्नाच्या पत्रिका अनगोळपासून येळ्ळूरपर्यंत, त्याही स्वतःचं पेट्रोल जाळून. नळाला पाणी यायच्या दिवशी तर चार घरांच्या किल्ल्या माझ्या खिशात असायच्या. वर संध्याकाळी कट्ट्यावर तेच चौघे विचारणार, "मग, सध्या काय करूलास?"

त्या काळात घरात कमावतं माणूस एकच, आई. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये तिच्या खात्यावर. शिवाय 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळे ती सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेत असताना मी घरी भांडी घासत असायचो. बेकार पदवीधरांना युवानिधीचे 3000 मिळतात असं ऐकून मीही चौकशीला गेलो. पण पदवी 2022-23 किंवा त्यानंतरची हवी आणि माझी 2009 ची, धारवाडची. खिडकीतल्या माणसानं माझ्या केसांकडे पाहिलं आणि काही न बोलता फॉर्मवरच्या 'युवा' या शब्दावर बोट ठेवलं.

शेवटी एका गेटावरच्या 'नाळे'चा खरंच उद्या झाला. मशीनचे सुटे भाग करणारा कारखाना, त्याच्या ऑफिसात डिस्पॅचचं टेबल. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "11 महिने काय केलं?" मी म्हटलं, "अपस्किलिंग." भरलेला सिलिंडर खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेणं हे स्किल नाही, असं कुणी म्हणून दाखवावं. आईनं गल्लीत कुंदा वाटला. लोकांनी तो खाल्ला, पण दुखवट्याला आल्यासारखा. कुंदा संपवून काकू म्हणाल्या, "चांगलं झालं बाबा. पण मग आता सिलिंडर कोण आणणार?"

पहिल्या दिवशी घात केला तो बुटांनी. कपाटात पडून पडून त्यांनाही बेकारीची चटक लागली होती. गोवावेसला पोचेपर्यंत उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळ्या वाजवायला लागला. कोपऱ्यावरच्या मोचीमामांनी बूट उलटा करून बघितला.

"नवी नोकरी काय?"

"कसं वळखलासा?"

"ठेवलेल्या बुटाचा तळ असाच मरतोय. सोमवारी सकाळी ह्येच येतात की माझ्याकडं."

शिवलेला बूट घालून बसमध्ये चढलो. सगळ्या सीटांवर बायका, हातात शून्य रुपयांची तिकिटं. कंडक्टर त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि पैसे मागितले. पुढे आणखी दोन पुरुष लोंबकळत होते, त्यांच्याकडे मागितले. सगळ्या बसचं डिझेल आम्हा तिघांच्या खिशातून जातंय अशा जबाबदारीनं आम्ही एकमेकांकडे बघितलं.

ऑफिसात एचआरच्या मॅडमनी कागद मागितले. माझ्या दहावीच्या दाखल्यावर 'बेळगाम', आधारवर 'बेळगावी', आणि घरात, कट्ट्यावर, स्वप्नातसुद्धा बेळगाव. सरकारनं नाव बदललं ते 2014 च्या 1 नोव्हेंबरला. तो कर्नाटकाचा राज्योत्सवाचा दिवस आम्ही मराठी माणसं दरवर्षी निराळ्याच कारणानं आणि काळ्या रंगात पाळतो, पण पहिल्याच दिवशी एचआरमध्ये तो विषय नको म्हणून मी गप्प बसलो. कॉम्प्युटर गप्प बसेना. तो लाल अक्षरांत ओरडत होता.

"मॅडम, गाव एकच आहे हो."

"ऊर ओंदे री," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सिस्टमन्याग एरडु."

गाव एकच, सिस्टममध्ये दोन. सीमाप्रश्न इतक्या थोडक्यात मांडलेला मी तरी ऐकला नव्हता.

तर दोन्ही गावं एक होईपर्यंत मला नंबर नाही. नंबर नाही म्हणून पासवर्ड नाही, पासवर्ड नाही म्हणून काम नाही. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, समोर कॉम्प्युटर मिळाला, आणि त्यावर एक रिकामी चौकट लुकलुकत होती. सिस्टमवाला पोरगा येऊन गेला. जाता जाता म्हणाला, "नाळे माडतेनरी."

माझ्या अंगावर काटा आला. भूत गेटच्या आत येऊन खुर्चीवर बसलं, तरी पाटी तीच.

मग मी दिवसभर कामात असल्यासारखा दिसलो. हे फार दमवणारं काम आहे. पेन उजवीकडून डावीकडे ठेवला. स्टेपलर उघडून पिना मोजल्या, 38 होत्या. दुपारी परत मोजल्या. जेवायच्या सुट्टीत सहा जणांनी विचारलं, "ऊटा आतेनरी?" जेवण झालं का? 11 महिने लोक मला फक्त 'काय करूलास' विचारत होते, जेवलास का असं आईशिवाय कुणी विचारलं नव्हतं. भाकरीचा घास घशात अडकला. भावनेनं म्हणा, नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीनं.

दोनला मात्र देहानं बंड केलं. रोज या वेळेला त्याला चटई, पंखा आणि तोंडावर पेपर अशी सवय. इथं एसी, वर गादीची खुर्ची. डोळे मिटणार तेवढ्यात मीटिंगला बोलावलं. सुरुवात कानडीत झाली, आकडे इंग्रजीत आले, भांडण मराठीत झालं आणि राजस्थानी ट्रान्सपोर्टवाला आल्यावर समेट हिंदीत. मी चारही भाषांत मान हलवली. साहेब मला म्हणाले, "गुड." कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही.

घरी आलो तर गल्ली वाट बघत होती. "काय काम असतंय रे तिथं?" मी म्हटलं, "जबाबदारीचं." आईनं विचारलं, "दमलास काय?" दमलो होतो, खोटं का बोलू? बेकार असताना रात्री अशी झोप कधी लागली नाही.

गुरुवारपर्यंत हेच. पिना 38. शुक्रवारी रिसेप्शनवरच्या बाई रजेवर गेल्या. अख्ख्या ऑफिसात मोकळा माणूस कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. थेट गल्लीतलं 'हाईस न्हवं?' कानात वाजलं. मी निमूट उठून रिसेप्शनवर जाऊन बसलो.

अकराच्या सुमारास काच ढकलून एक पोरगा आत आला. काखेत फाईल, इस्त्रीचा शर्ट, आणि चालताना उजव्या बुटाची हलकी टाळी. म्हणाला, "सर, व्हेकन्सी काय आहे का?"

मी आत साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. साहेब फोनवर होते. त्यांनी हातानंच हवेत काहीतरी ढकललं. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी घसा खाकरला, टेबलावरचा पेन उजवीकडून डावीकडे ठेवला, आणि तोंडातून आपसूक निघालं, "नाळे बर्री."

"बरं," तो म्हणाला. मग दारातून मागे वळला. "किती वाजता येऊ?"