आधी किक की आधी तपासणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, आभार. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. बरीच वर्षं उभी असलेली जुनी मोटरसायकल पुन्हा सुरू करण्यावरच्या माझ्या लेखातल्या तपासण्यांनी नवशिक्या उगाच घाबरतो. ताजं पेट्रोल टाकून किक मारावी. सुरू झाली तर इंजिन ठीक, नाही झाली तर उघडावं. जुना कार्बोरेटर साफ करत बसण्यापेक्षा नवा बसवावा. टायर-ब्रेक शेवटी बघावेत. कॉम्प्रेशन गेजची, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरची, नवशिक्याला गरज नाही.

गेजचं मान्य. स्पार्क प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली (अर्थात खाली सांगितल्याप्रमाणे ऑइल सोडून पिस्टन मोकळा केल्यावरच) आणि हवेनं अंगठा उडवला, तर पहिल्या टप्प्यावर तेवढं पुरे. बाकीचं मात्र पटत नाही.

किकचंच घ्या. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत सिलिंडरची भिंत कोरडी पडलेली असते आणि पिस्टन जिथे थांबला तिथे रिंगच्या रेषेत गंज धरतो. अशा वेळी पूर्ण ताकदीनं किक मारली की चिकटलेली रिंग तुटते, नाहीतर गंजाचे कण बोअरला ओरखडे पाडतात. पिस्टन जामच असेल तर सगळा जोर किकच्या गिअरच्या दातांवर येतो. म्हणून प्लग काढायचा, त्या भोकातून ५ ते १० मिली इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर थांबायचं. मग प्लग न लावताच गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे करायचं. अडलं तर जोर लावायचा नाही; आणखी ऑइल, आणखी एक दिवस. हाताचं काम दहा मिनिटांचं आहे, बाकी नुसती वाट बघणं. यात घाबरण्यासारखं काय आहे?

ऑइलची टाकी वेगळी असलेली फोर-स्ट्रोक असेल तर आणखी एक. उभ्या गाडीत ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यात, उतरतं. ते न काढता सुरू केली तर धुराचे लोट निघतात आणि एखादं सील बाहेर फेकलं जाऊ शकतं. आधी खालचा ड्रेन बोल्ट उघडून बघा.

आता 'सुरू झाली म्हणजे इंजिन ठीक'. आपला खरा मतभेद इथे आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची ऑइल सील्स वर्षानुवर्षं पडून कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो. अशी गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, उलट जरा जास्तच उत्साहानं पळते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लवकर उतरत नाही, आणि थोड्या अंतरावर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पिऊ लागतं: धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते. दोन्ही वेळा गाडी 'सुरू' असते.

'नाही झाली तर उघडा' हे तर त्याहून महागात पडतं. उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष पॉइंटमध्ये (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) किंवा पायलट जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं कमी वेगाचं पेट्रोल सोडणारं बारीक जेट) असतो. पॉइंटच्या टोकांवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि करंट येत नाही. बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. पट्टीवर काळा डाग उमटणं थांबेपर्यंत ओढत राहा. गॅप सहसा ०.३५ ते ०.४० मिमी, पण अंतिम शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकतं, ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा. गाडी थंड असताना छान चालते, तापली की मिसफायर करते आणि पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसते, तर पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी दाबणारा भाग). आणि गाडी काही मिनिटं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. यासाठी कुणी हेड उघडू नये.

कार्बोरेटरबद्दल. बाजारात मिळणाऱ्या नकलेचे जेट तुमच्या इंजिनाला जुळतीलच असं नाही. मग गाडी नीट चालली नाही तर दोष जुना की नव्यानं आणलेला, हे कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं असेल तरी हाच नियम. पायलट स्क्रू (कमी वेगाचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं आणि पितळ मऊ. तार घातली की भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा.

मात्र त्याआधी टाकी, नाहीतर साफ केलेल्या जेटमध्ये गंज पुन्हा येऊन बसेल. पेट्रोल कॉक काढून भोक बंद करा आणि लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी भरा. अधूनमधून बघत जास्तीत जास्त २४ तास ठेवा. मग धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, पण त्या वेळी झाकण लावू नका, गॅस होतो. लगेच वाळवा आणि आतून थोडं ऑइल फिरवा, नाहीतर पत्रा बघता बघता पुन्हा लालसर होतो.

टायर-ब्रेक शेवटी नकोत, कारण इंजिन चालू झालं की चक्कर मारल्याशिवाय कुणी राहत नाही. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, नक्षी कितीही दिसली तरी काढा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर आरपीएम चढत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जातेय.

स्क्रू बिघडतात, तेव्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा, हे तुमचं बरोबर. त्यात भर घालतो: जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू फिलिप्स नसून जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, फिलिप्सचं टोक त्यातून निसटून खाच खातं. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात; मिलिमीटरचा पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो.

शेवटी तुम्ही विचारलंत की टू-स्ट्रोकला सुरुवातीला दुप्पट ऑइल टाकलं तर सुरक्षित नाही का. नाही. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. शिवाय प्लग शॉर्ट होतो. कंपनीनं १:२५ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, मोजून.