खुलासा: बेथचा मृत्यू मूळ कादंबरीतलाच आहे

'ग्रेट ऑर नथिंग' ही २०२२ सालची कुमार-कादंबरी 'लिटल विमेन' या जुन्या कादंबरीची नव्याने सांगितलेली गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. लुइसा मे अल्कॉटच्या मूळ 'लिटल विमेन'मध्ये चार बहिणींपैकी बेथ आजारातून बरी होते, नव्या लेखिकांनी मात्र वाचकांना रडवायला तिला मारून टाकलं, असं. हे खरं नाही.

गोंधळ कुठून होतो तेही सांगते. मूळ कादंबरी दोन भागांत आली, १८६८ आणि १८६९ मध्ये. पहिल्या भागात बेथ स्कार्लेट फीव्हरमधून वाचते. अनेक आवृत्त्यांत तेवढाच भाग असतो. दुसऱ्या भागातल्या चाळिसाव्या प्रकरणात ती जाते. शाळेतून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांसाठी ती खिडकीतून छोटे हातमोजे वगैरे वस्तू खाली टाकत असते. मग एक दिवस सुई फार जड लागते म्हणून ती कायमची बाजूला ठेवते. इतकं साधं, इतकं जीवघेणं लिहिणाऱ्या लुइसाने स्वतःची बहीण लिझी १८५८ मध्ये अशीच गमावली होती.

नव्या कादंबरीत काळ १९४२चा, महायुद्धाचा आहे. बेथ गेल्यानंतर तिघी बहिणी तीन दिशांना पांगल्या आहेत आणि बेथचा आवाज कवितांमधून येतो. चार बहिणी चार लेखिकांनी लिहिल्या आहेत. म्हणजे मृत्यू जुनाच. त्यानंतरच्या दुःखाला इथे अख्खं पुस्तक मिळालंय, आणि मला ते मनापासून भावलं.

शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'वर, म्हणजे 'लिटल विमेन'च्या मराठी अनुवादावर, वाढलेल्यांनी तरी हा आरोप पुढे पाठवू नये.