एक ओळ खोडायचे किती?

बिल तीन हजारांचं होतं. हातात पडले दीड. उरलेल्याचं काय म्हणून विचारलं, तर मालक गल्ल्याचं झाकण लावत म्हणाले, "सर, तुम्ही तर एकच ओळ खोडली की ओ."

दुकान सोलापूरच्या नवी पेठेतलं, चादरी आणि टॉवेलचं. वेबसाइट मालकांच्या भाच्यानं करून दिलेली. दिसायला झकास, फक्त गुगलवर सापडत नव्हती. दुकानाचं पूर्ण नाव टाका, पेठ टाका, गाव टाका, समोरच्याचं दुकान यायचं, यांचं नाही. मी पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला आणि वरच ती ओळ दिसली : मेटा, रोबोट्स, नोइंडेक्स. म्हणजे सर्च इंजिनला स्वच्छ सांगून ठेवलेलं, पान वाच पण निकालात दाखवू नकोस. साइट ज्यात बनवली त्या वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग पानावर एक चौकोन असतो. साइट अर्धवट असेपर्यंत त्यात खूण करून ठेवतात आणि पुरी झाली की काढतात. भाच्यानं साइट पुरी केली आणि नोकरीला पुण्याला गेला. खूण इथंच राहिली.

ती मी काढली, गुगलच्या सर्च कन्सोलमधून पानं पुन्हा तपासायला पाठवली. सगळ्या पानांचं टायटल 'होम' होतं, ते बदलून प्रत्येकाला स्वतःचं नाव दिलं. काही दिवसांत दुकान गुगलवर दिसायला लागलं. फोनही यायला लागले. हे मालकांनाही मान्य आहे. वाद फक्त खोडण्याच्या दरावर आहे.

आणि या वादात पंच म्हणून बसले अण्णा.

अण्णा गिऱ्हाईक नाहीत. एप्रिलातल्या उन्हात घरी बसवत नाही म्हणून ते अकराला दुकानात येतात, गादीच्या कडेला पंख्याखालची जागा धरतात, पेपर उभा-आडवा वाचतात आणि दोनला जेवायला जातात. कोणत्याही व्यवहारात मत देणं हे त्या जागेचं भाडं असावं.

"काढल्याचे पैसे असतात होय?" अण्णांनी पेपर खाली केला. "घातल्याचे असतात."

"अण्णा, दात काढायचे डॉक्टर घेतात की पैसे."

मला वाटलं, जिंकलो. अण्णांनी शांतपणे तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढून तळहातावर घेतली आणि तशाच बोळक्या तोंडानं हिशेब सांगितला. "काधायचे दोनथे. बथवायचे अथरा हदार." मग कवळी परत बसवून, शब्द नीट लागतात का ते पाहिल्यासारखं सावकाश म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय बसवलं?"

मालकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक प्रिंट काढली. भाच्यानं घातलेले मेटा कीवर्ड्स, म्हणजे सर्च इंजिननं वाचावेत म्हणून पानाच्या कोडमध्ये घालायचे शब्द, दोन्ही बाजूंनी छापलेले. "हे बघा काम. पोरानं किती घातलेत. तुम्ही एक तरी घातला का?"

अण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. "सोलापूर चादर. सोलापुरी चादर. शोलापूर चादर. चादर सोलापूर. स्वस्त चादर. महाग चादर." इथं ते थांबले. "महाग कोण शोधतंय ओ?" उत्तर आलं नाही तसे पुढे सरकले. "मुंबई टॉवेल. पुणे टॉवेल. दुबई टॉवेल. पानिपत ब्लँकेट."

दुकान गप्प. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून काय उपयोग झाला, हे मालक येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. चादर घेतली नाही तरी ऐकवतात.

मी संधी साधून सांगून टाकलं. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं हा कीवर्ड्सचा टॅग खरंच वाचायची. मग लोक त्यात वाटेल ते कोंबायला लागले, पानावर असो नसो. ज्याला जे लिहायचं ते त्यानं लिहावं, आणि गिऱ्हाइकाला ते दिसूही नये, अशा जागेवर कोण विश्वास ठेवणार? गुगलनं तर सप्टेंबर 2009 मध्ये जाहीरच केलं, की वेब सर्चमध्ये पानांचा क्रम लावताना आम्ही हा टॅग धरत नाही. तेव्हा भाचा तिसरीत असेल.

"मग शिकवतात कशाला?" अण्णा.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, कशाला शिकवतात? आजही 'एसईओ करून देतो', म्हणजे साइट गुगलवर वर आणतो, म्हणणारे लोक पन्नास कीवर्ड्स भरून देतात आणि पन्नासांचे पैसे घेतात, कारण ते मोजता येतात. पान मोबाइलच्या रुंदीला बसावं म्हणून व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते. मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसू नयेत म्हणून यूटीएफ-8 ची एक ओळ लागते. ती कुणी मोजत नाही. आमच्या गावात दिसेल तेवढंच काम. कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड चौकात लावायला याच मालकांनी मागेल तेवढी वर्गणी दिली. त्यावर त्यांचा फोटो तळाच्या रांगेत, कपाळाला टिळा लावावा एवढा. तिथं कुणी विचारलं नाही, की याचा उपयोग काय. आणि मग पोरं पुण्याला का जातात यावर संध्याकाळी पार्क चौकात चर्चा करायची!

असो. एक गोष्ट मालकांना लगेच पटली. मी सहज म्हणालो, की हे कीवर्ड्स कुणालाही वाचता येतात, पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडला की झालं.

"म्हणजे समोरच्यालापण दिसतंय?"

"दिसतंय."

"पानिपतपण?"

"पानिपतपण."

"काढा सगळं. आत्ता काढा." मग जरा थांबून, "त्याचे वेगळे पैसे नाहीत ना?"

काढले. फुकट. आता तुम्ही काही घातलंच नाही असं नको म्हणून मी डिस्क्रिप्शनचा टॅग, म्हणजे पानाची थोडक्यात ओळख, दाखवला. या टॅगनं क्रम वाढत नाही, पण निकालात निळ्या मथळ्याखाली दोन ओळी दिसतात, त्या यातून येऊ शकतात, आणि त्या वाचूनच माणूस ठरवतो आत जायचं की नाही. मी झटून लिहिलं होतं : 'नवी पेठ, सोलापूर. सुती चादरी, टर्किश टॉवेल, लग्नाच्या आहेराचा माल घाऊक दरात.' मोठ्या ऐटीत मोबाइलवर सर्च करून फोन मालकांच्या हातात दिला.

आता, डिस्क्रिप्शन वापरायचंच असं गुगलवर बंधन नाही. शोधणाऱ्याच्या शब्दांना पानावरचा दुसरा मजकूर जास्त जुळतो असं वाटलं, तर ते तो उचलतं. त्या दिवशी त्यानं उचललं होतं : 'एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.'

मालकांनी दोनदा वाचलं. "हे मात्र छान लिहिलंय, सर."

मी फोन परत घेतला. उरलेल्या दीड हजारांचा विषय काढणार, तेवढ्यात अण्णा गादीवरून माझ्याकडे सरकले. आवाज एकदम खाली.

"ते पान गुगलवर दिसू नये अशी ओळ असते म्हणालात ना?"

"नोइंडेक्स. असते."

"एका पतसंस्थेनं थकबाकीदारांची यादी टाकलीय वेबसाइटवर. कर्ज मेव्हण्याचं, जामीनदार मी. माझं नाव टाकलं की पहिलं तेच येलालंय. पोरीला स्थळं बघलालो ओ, सोयरे आजकाल गुगल करूनच येतात. तेवढी ओळ घालून द्या." मग स्वतःच्याच न्यायाला जागून म्हणाले, "घालायचे पैसे देतो मी."

त्या क्षणी अठरा हजार सांगायचा फार मोह झाला. पण ती ओळ ज्याची साइट त्यानंच घालावी लागते. मला पतसंस्थेच्या पानाला हात लावता येत नाही, अर्ज करायचा तर त्यांच्याकडे करा, असं मी समजावून सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, जागेवर परत सरकले, पेपर उघडला.

"मग तुमचा उपयोग काय ओ?"

मालक एवढ्या मोठ्यानं हसले, की आहेराचे टॉवेल निवडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. दीड हजार त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकलले आणि पोऱ्याला चहा सांगितला. एक स्वतःला, एक अण्णांना.