स्पार्टाक सुबोतित्सा आणि ‘कमकुवत लीग’चं पालुपद

फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. मजकूर साधारण असा: ‘सर्बियातला स्पार्टाकचा महिला संघ वर्षानुवर्षं चॅम्पियन होतो, कारण तिथे दुसरं कुणी खेळतच नाही. नाव मॉस्कोच्या स्पार्टाकचं, पुण्याई पुरुषांच्या क्लबची, त्यांच्याआधी सर्बियात महिला फुटबॉल नव्हतंच, आणि युरोपात गेले की धुलाई ठरलेली.’ चार ओळी आणि जवळपास प्रत्येकीत घोळ.

नावापासूनच सुरू करू. हा क्लब सुबोतित्साचा. वोयवोदिना प्रांतातलं, हंगेरीच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. तिथल्या योवान मिकिच नावाच्या अ‍ॅथलीटने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत भाग घेतला होता. पुढे तो पार्टिझन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढणारा गनिमी सैनिक, झाला, ‘स्पार्टाक’ हे त्याचं टोपणनाव, आणि ऑक्टोबर १९४४मध्ये सुबोतित्साच्या मुक्तीच्या लढाईतच तो मारला गेला. १९४५मध्ये क्लब निघाला तो त्याच्या नावाने. मॉस्कोचा स्पार्टाक आणि हा मिकिच, दोघांनी नाव रोमविरुद्ध बंड करणाऱ्या स्पार्टाकस या गुलामाचंच घेतलं, एवढाच काय तो संबंध. म्हणजे गावातल्या लोकांसाठी हे नाव घरचं आहे.

‘आधी महिला फुटबॉल नव्हतंच’ हे तर निशच्या लोकांसमोर बोलूच नये. सर्बियाच्या दक्षिणेला असलेल्या निश शहरातला माशिनात्स हा महिलांचा क्लब १९७०चा. म्हणजे युगोस्लाव्हिया अजून एकसंध होता, टिटो सत्तेवर होते, तेव्हाचा. देश फुटला, निर्बंध आले, १९९९मध्ये निशवर नाटोचे बॉम्ब पडले, आणि या सगळ्यातून हा क्लब टिकला, किताबांवर किताब घेत राहिला. स्पार्टाकची मालिका २०११मध्ये सुरू झाली ती माशिनात्सला गादीवरून खाली उतरवून. रिकाम्या खुर्चीत कुणी जाऊन बसलं नव्हतं.

पुरुषांच्या पुण्याईचं म्हणाल तर सुबोतित्साच्या पुरुष संघाला आजवर एकदाही देशाची लीग जिंकता आलेली नाही. इथे पुण्याई असलीच तर ती उलट्या बाजूने मोजावी लागेल.

आता कमकुवत लीग. हा मुद्दा मी पूर्ण उडवून लावणार नाही. दहाहून अधिक वर्षं एकच संघ जिंकतो तेव्हा बाकीचे मागे पडलेले असतात, हे उघड आहे. पण कारण बघा. युरोपच्या चॅम्पियन्स लीगसाठी सर्बियासारख्या लहान देशातून फक्त विजेत्यालाच तिकीट मिळायचं. त्यामुळे ज्या मुलीला युरोपात खेळायचं होतं, ती चॅम्पियनच्या दारात जाणार, आणि ती गेली की चॅम्पियन आणखी भक्कम होणार. घानाची एलिझाबेथ अ‍ॅडो सुबोतित्सात खेळून गेली, पुढे ती स्वतःच्या देशाची कर्णधार झाली. येलेना चांकोविचनेही ही जर्सी घातली, आणि २०२२मध्ये ती चेल्सीत पोहोचली.

शिवाय मक्तेदारीचा आरोप करणारे पुरुषांच्या लीगबद्दल कसे गप्प असतात? १९९८मध्ये ओबिलिच जिंकला, त्यानंतर सर्बियातला पुरुषांचा किताब बेलग्रेडच्या रेड स्टार आणि पार्टिझान यांच्याबाहेर गेलेलाच नाही. त्याला आपण ‘थरारक वैर’ म्हणतो. महिलांकडे सत्ता निशहून सुबोतित्साला गेली, राजधानी ओलांडून, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. यात जास्त रंजक काय, तुम्हीच ठरवा.

राहिली युरोपातली धुलाई. ऑक्टोबर २०१५, शेवटच्या ३२ संघांची फेरी, समोर वुल्फ्सबर्ग. २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं ओळीने चॅम्पियन्स लीग जिंकलेला संघ, आणि त्या हंगामातही अंतिम सामन्यापर्यंत गेलेला. सुबोतित्सातला पहिला सामना ०-० सुटला. नव्वद मिनिटं जर्मनांना एक गोल करता आला नाही. परतीच्या सामन्यात मात्र ४-० असा मार बसला, तो लपवायचं कारण नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमका तेवढाच आकडा उचललेला दिसतो.

२०१९चं उदाहरण तर त्याने बघितलेलंच नसावं. प्रतिस्पर्धी अ‍ॅटलेटिको माद्रिद, स्पेनची लीग सलग तीनदा जिंकून आलेला. घरच्या मैदानावर स्पार्टाक २-३ने हरला. माद्रिदमध्ये मात्र १-१. दोन सामन्यांत मिळून एका गोलाचा फरक. त्याच अ‍ॅटलेटिकोने पुढच्या फेरीत मँचेस्टर सिटीला घरी पाठवलं.