रूड स्क्रीनवरील लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मध्ययुगीन इंग्लंडमधील गावोगावच्या चर्चमध्ये असलेल्या रूड स्क्रीनविषयी (लोकांची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामधला, माथ्यावर मोठा क्रूस असलेला आडोसा) मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, ही स्क्रीन म्हणजे सामान्य माणसाला देवापासून तोडणारी भिंत होती. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी ती पाडली हे योग्यच झाले. गोव्याच्या चर्चमध्ये असले काही दिसत नाही. आणि ‘घरबसल्या पुस्तके चाळणाऱ्या भाविक बाईंनी’ इतिहासाच्या वाटेला जाऊ नये. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलेला नाहीत, तिच्या श्रद्धेवरून तिच्या अभ्यासाची किंमत ठरवणे याला युक्तिवाद म्हणत नाहीत. एवढे कठोर लिहिताना लेखातील एकाही विधानाचा आपण उल्लेख केला नाही, हे मला अधिक खटकले.

घरबसल्या म्हणाल, तर मी वसईच्या कॅथलिक कुटुंबात वाढले, लग्नानंतर काही वर्षे इंग्लंडमधील नॉर्विचला राहिले आणि नॉरफकमधील रॅनवर्थच्या सेंट हेलेन चर्चमध्ये त्या स्क्रीनसमोर गुडघे टेकून बसले आहे. तिथे बसल्यावर ‘भिंत’ हा शब्द सुचत नाही. खालचा भाग भरीव लाकडाचा, त्यावर संतांची चित्रे. वरचा भाग मात्र नक्षीदार आणि मोकळा, ज्यातून वेदी दिसते. काही गावांत खालच्या फळ्यांनाही गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर भोके पाडलेली आढळतात, कारण धर्मगुरू पवित्र भाकर उंचावत असत तो क्षण कोणालाच चुकवायचा नसे. शिवाय रॅनवर्थला स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना, लोकांच्या अंगालाच, छोट्या वेदी होत्या. दक्षिणेकडच्या वेदीमागे पवित्र मारिया, तिच्या नात्यातल्या दोन मारिया आणि संत मार्गारेट रंगवलेल्या आहेत. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून स्त्रिया याच मार्गारेटचा धावा करत. या स्क्रीनच्या रंगकामासाठी आणि वरच्या क्रूसापुढील दिव्यांसाठी गावकरी आपल्या मृत्युपत्रांत पैसे ठेवून जात. स्वतःला कोंडून घेणाऱ्या भिंतीसाठी कोणी मरताना पैसे ठेवील का?

माझ्या आजीचे बहुतेक आयुष्य लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकण्यात गेले. तिला त्यातले शब्द कळत नव्हते, पण घंटा वाजली की ती मान वर करून पाहत असे, आणि त्या पाहण्यात तिची सगळी प्रार्थना असे. तिला आपण देवापासून तोडलेली म्हणणार असाल, तर ते माझ्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य दाखवावे.

आता ‘सुधारकांनी भिंत पाडली’ या वाक्याकडे वळते. प्रोटेस्टंट राजा एडवर्ड सहाव्याच्या कारकिर्दीत मूर्ती आणि क्रूस उतरवले गेले, त्याच्यानंतरच्या कॅथलिक राणी मेरीच्या काळात ते पुन्हा उभे राहिले आणि 1561 मध्ये प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या आदेशाने स्क्रीनवरचे सज्जे काढण्यात आले. त्याच आदेशात, लोकांची बसण्याची जागा आणि वेदीकडचा भाग यांच्यामधील आडोसा मात्र राहू द्यावा, असेही बजावले होते. म्हणजे ज्याला आपण भिंत म्हणता ती ठेवायची, आणि तिच्या माथ्यावरचा ख्रिस्त, त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले मारिया आणि योहान, त्यांच्यापुढचे दिवे, हे सारे घालवायचे! सुधारकांचा राग लोकांना अडवणाऱ्या लाकडावर असता, तर त्यांनी याच्या नेमके उलट केले असते. गावकऱ्यांचे जे खरोखर आपले होते, तेच गेले. आज यातले बहुतेक कोणाला आठवतही नाही, आणि मी तो लेख लिहिला तो याच हळहळीतून.

आणि जिथे हे आडोसे समूळ पाडले गेले, तिथे ते पाडणारे अनेकदा कॅथलिकच होते. इटलीतील फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील आडवी भिंत तिथला सत्ताधीश कोसिमो पहिला द मेदिची याच्या इच्छेने वास्तुकार वसारीने काढली. फ्रान्समधील शार्त्र कॅथीड्रलची दगडी स्क्रीन 1763 मध्ये तिथल्याच धर्ममंडळाने पाडली. हे न पाहता आपण सुधारकांच्या गळ्यात हार घातलात.

एक गोष्ट मान्य करते. मठांच्या आणि कॅथीड्रलच्या दगडी भिंती गावच्या लाकडी स्क्रीनहून वेगळ्या होत्या, आणि हा फरक लेखात अधिक जागा मागत होता. मात्र तिथेही लोकांसाठी भिंतीच्या अलीकडे स्वतंत्र वेदी असे. इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स कॅथीड्रलची चौदाव्या शतकातील भिंत अजून उभी आहे, ती पाहून यावे.

गोव्याचा दाखला इथे गैरलागू आहे. से कॅथीड्रलचे काम 1562 मध्ये सुरू झाले आणि बॉम जेझूसचे समर्पण 1605 मध्ये झाले. मुख्य वेदी सर्वांना मोकळी दिसावी, हा आग्रह वाढीस लागला त्या काळातल्या या वास्तू आहेत. मध्ययुगाविषयी त्यांची साक्ष काढता येत नाही. मराठीत असले विषय कोण वाचते, हा आपला प्रश्न मी सोडून देते, आपण वाचलात.

1561 च्या आदेशात आडोसा ठेवायला का सांगितले असावे, याविषयी आपल्याकडे काही म्हणणे असेल, तर ती प्रतिक्रिया मी जशीच्या तशी प्रसिद्ध करीन. माझ्या भाविकपणाविषयी असेल, तर करणार नाही.