मोठी फळी, पोकळ वासा

"आतून पोकळ?" आराखड्यावर वाकून बायकोने विचारलं.

"पोकळ म्हणूनच तर हलकी होते."

"मोठं घर, पोकळ वासा," असं पुटपुटत ती निघून गेली.

लाटांवर उभं राहायची सर्फिंगची फळी फोमची, तयार मिळते. पण मला ती लाकडाची हवी होती, आणि स्वतःच्या हातची. याआधी या हातांनी एकच वस्तू केली होती. एक स्टूल. त्यावर बसलेला पाहुणा बोलता बोलता डावीकडे सरकतो.

पोकळपणा ही काही माझी कल्पना नव्हे. हवाई बेटांवरच्या सरदारांच्या 'ओलो' फळ्या भरीव लाकडाच्या असत. टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने १९२६ साली तशी फळी करताना तिला शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड चढवून ती झाकली. पुढे भोकं सोडून त्याने आत सांगाडाच बसवला आणि १९३२ मध्ये पोकळ फळीचं पेटंट मिळवलं. हे सगळं मी घरात रंगवून सांगितलं. "शेकडो भोकं पाडली, तरी त्याला घरचं कोणी बोललं नाही?" एवढाच प्रश्न आला.

सांगाडा म्हणजे प्लायवूडचा मधला कणा आणि त्याला आडव्या बरगड्या. जुळवून झाला तेव्हा कोणीतरी जेवून टाकलेल्या मोठ्या माशासारखा दिसत होता. त्यावर पावलोनियाच्या पातळ पट्ट्या. हे लाकूड फार हलकं, वागायला गरीब. पण पट्टी सरळ असते आणि सर्फिंगची फळी कुठेच सरळ नसते. म्हणून पट्टी वाकवायची, चिकटवायची आणि गोंद वाळेपर्यंत शिकंज्यात धरायची. शिकंजे किती लागतात? आहेत त्यापेक्षा दोन जास्त. माझे संपल्यावर कपड्यांचे चिमटे लागले, सायकलची ट्यूब कापून बांधली, वजनाला शब्दकोश ठेवला आणि राहिलेल्या टोकाला मी स्वतः लागलो. त्याच अवस्थेत फोन वाजला, मग दाराची बेल, मग नाक खाजलं. डब्यावर 'मजबूत पकड' लिहिलं होतं. कोपर सोडवताना ते पटलं.

रंध्याबद्दल बोलत नाही. भुसा अजून उशीच्या अभ्र्यात सापडतो.

फळीत पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर फायबरग्लासचं कापड चिकटवतात, आणि त्यासाठी लागतं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायचा गोंद. त्याचं मात्र सांगायलाच हवं. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मिसळलं की लगेच पसरायचं असतं. भांड्यात साठून राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, आणि तापलं की आणखी लवकर घट्ट होतं. मी मिश्रण सढळ हाताने केलं आणि फायबरग्लासच्या कापडावरची एक सुरकुती काढत बसलो. वळून पाहतो तर कपातून धूर! ब्रश त्यात उभा होता. आजही उभा आहे.

राहता राहिला एक स्क्रू. पोकळ फळीत हवा कोंडलेली असते. उन्हात ती फुगते आणि सांधे उकलू शकतात. म्हणून फळीच्या नाकाजवळ बारीक छिद्र ठेवून त्यात स्क्रू बसवतात. पाण्याबाहेर तो काढून ठेवायचा, पाण्यात जाण्याआधी घट्ट पिळायचा. अख्ख्या आराखड्यात मला एका वाचनात समजलेली एवढीच गोष्ट.

फळी तरंगली! किनाऱ्यावर बायकोने चक्क टाळ्या वाजवल्या. पहिली लाट माझ्या आधीच निघून गेली, दुसरी माझ्यावरून गेली. तिसरीला उभा राहायला गेलो तर फळी जागची हलेना, आणि आतून डबक डबक आवाज. दोघांनी मिळून ती ओढत बाहेर काढली.

"पोकळ होती ना रे?"

"होती."

खिशात हात घातला. स्क्रू तिथेच होता. हरवू नये म्हणून मीच जपून ठेवलेला.

आता फळी शेपूट वर, नाक खाली अशी व्हरांड्यात टेकवली आहे. हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, आणि दोघांना मिळून छिद्र एकच. त्यामुळे दोन थेंब, एक गुळुक, पुन्हा दोन थेंब. खाली बादली आहे. बायको ती रोज सकाळी ओतते आणि दारामागे खडूने एक रेघ मारते. काल चार रेघांवर तिने आडवी पाचवी मारली.